बर्फावरील आकृती : किम यू-ना हिची स्पर्धा-कारकीर्द

बर्फ हा पदार्थ मीरा-भाईंदरच्या रहिवाशांस अपरिचित आहे असे नव्हे. उत्तनच्या किनाऱ्यावरून मासेमारीस निघणाऱ्या होड्यांत बर्फ भरून घ्यावा लागतो, आणि तो कारखान्यात लाद्यांच्या रूपाने तयार होतो. ही लादी मिठाच्या साहाय्याने बनते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे लांबट डबे खाऱ्या पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. यंत्राने त्या खाऱ्या पाण्यातील उष्णता काढून घेतली म्हणजे ते शून्य अंशाच्याही खाली जाते. पण अंगी मीठ असल्यामुळे स्वतः गोठत नाही, आणि डब्यातील गोड्या पाण्याची तेवढी शिळा होते. पूर्वी आइस्क्रीमच्या लाकडी पिंपात भांड्याभोवती बर्फ आणि खडेमीठ घालीत, त्याच्या मुळाशीही मिठाचा हाच गुण होता. मिठागरांच्या गावी मिठाचा गुण सांगावा लागतो, हे थोडे गमतीचेच.

बर्फावर घसरत खेळावयाच्या कृत्रिम मैदानास रिंक म्हणतात. त्याची घडणही याच तत्त्वावर असते. फरशीच्या पोटात नळ्यांचे जाळे पसरलेले असून तीतून न गोठणारे थंडगार द्रावण अखंड खेळवितात, आणि वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक देऊन काही सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरवितात. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असे हे मैदान रात्रंदिवस यंत्र चालवून गोठलेले ठेवावयाचे म्हणजे खर्च फार. साहजिकच जो मालक रिंक बांधतो, तो तिकीट काढून येणाऱ्या गर्दीस ती दिवसभर मोकळी ठेवतो. एखाद्या मुलीस एकटीने उडी मारण्याचा अभ्यास करावयाचा असेल, तर गर्दी घरी जाईपर्यंत तिने वाट पाहावी. किम यू-ना हिच्या चरित्राचा आरंभ अशा वाट पाहण्यातून झाला, म्हणून बर्फाची ही कथा आधी सांगणे भाग पडले.

कोरियन रीतीप्रमाणे 'किम' हे आडनाव असून ते आधी येते. 'यू-ना' हे नाव. तिचा जन्म ५ सप्टेंबर १९९० रोजी बुचॉन या गावी झाला, आणि बालपण गुनपो येथे गेले. मुंबईच्या कडेस जसे मीरा-भाईंदर, तशी सेऊल राजधानीच्या कडेस वाढलेली ही दाट वस्तीची शहरे आहेत. दक्षिण कोरियात हिवाळा कडक असतो, आणि बर्फावरील धावण्याच्या शर्यतीत त्या देशाने पूर्वीच नाव मिळविले होते. परंतु फिगर स्केटिंग या प्रकाराकडे तेथे कोणी गांभीर्याने पाहत नसे. केवळ त्याच खेळासाठी राखलेली रिंक नव्हती, आणि ऑलिंपिकमध्ये त्यात पदक मिळविलेला एकही कोरियन नव्हता. यू-ना पाच-सहा वर्षांची असता सहज करमणूक म्हणून बर्फावर उतरली. र्यू जोंग-ह्यॉन या शिक्षकाने तिच्या आईस सांगितले, की या मुलीत विशेष काही आहे. आई पार्क मी-ही हिने त्यानंतर या कामास वाहून घेतले. मुलीस गाडीतून नेणेआणणे, थंडीत कठड्याशी उभे राहणे, रात्री उशिरा घरी परतणे, हाच तिचा दिनक्रम झाला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये मिशेल क्वान या अमेरिकन मुलीने जे स्केटिंग केले, त्याची चित्रफीत यू-ना पुनःपुन्हा पाही. गुरुकुल म्हणावे तर ते इतकेच.

आता हा खेळ म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावयास हवे. बुटाच्या तळाशी बसविलेले पोलादी पाते सुमारे चार मिलिमीटर रुंद असते. ते सुरीसारखे एकधारी नसून त्याच्या तळास लांबीभर एक उथळ खोबण असते, आणि त्यामुळे प्रत्येक पात्यास आतली व बाहेरची अशा दोन धारा होतात. सरळ उभे राहिल्यास दोन्ही टेकतात. शरीर कलते केले की एकच टेकते, आणि मनुष्य वळण घेत जातो. या वळणांनी बर्फावर वर्तुळे व इंग्रजी आठाचे आकडे काढणे, हीच या खेळाची मूळ परीक्षा होती. 'फिगर' म्हणजे आकृती, हे नावही तेथूनच आले. परीक्षक खाली वाकून रेषा तपासत. जणू पाटीवरील कित्ताच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा कित्ता १९९० साली काढून टाकण्यात आला. ज्या वर्षी यू-ना जन्मली त्याच वर्षी तिच्या खेळातील मूळ 'आकृती' संपली, आणि उड्या, गिरक्या व संगीतावरील हालचाल एवढेच उरले. तथापि धारेची शुद्धता मात्र संपली नाही.

ती उड्यांत लपून राहिली. उड्यांची नावे बहुधा त्या प्रथम करणाऱ्यांवरून पडलेली आहेत. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सनवरून ॲक्सेल, स्वीडनच्या उलरिक साल्कोवरून साल्को, ऑस्ट्रियाच्या ॲलोइस लुट्झवरून लुट्झ. ॲक्सेल तेवढी पुढे तोंड करून घेतात, म्हणून तीत अर्धा फेरा अधिक पडतो. लुट्झमध्ये पाठमोरे जात, डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर तोल ठेवून, उजव्या पायाच्या पात्यावरील दाते बर्फात रोवून उसळावयाचे असते. यातील अडचण अशी, की येताना वळण एका दिशेचे आणि हवेतील फेरे उलट दिशेचे. शरीर आपोआप आतल्या धारेवर कलू पाहते. पुष्कळ जणी येथे नकळत धार बदलतात. यू-नाची लुट्झ धारेवर निश्चल राहून उडे, आणि ती उतरल्यावर तिचा वेग मंदावण्याऐवजी टिकून राही. लगेच तीस जोडून दुसरी तिहेरी उडी ती घेई. पाऊण सेकंदाहूनही कमी अवधीत तीन फेरे, मग एका पायावर उतरणे, आणि दम न घेता पुन्हा तीन फेरे, असा तो जोड होता. पाहणाऱ्यास तो सोपा वाटे. त्याचे मोल परीक्षकांस ठाऊक असे.

बारा वर्षांची असता ती कोरियाची राष्ट्रीय विजेती झाली. इतक्या लहान वयात तो मान पूर्वी कोणास मिळाला नव्हता. त्यानंतर कुमार गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती उतरली, आणि तेथे तिला भेटली जपानची माओ असादा. ती २५ सप्टेंबर १९९० ची, म्हणजे यू-नाहून वीस दिवसांनी धाकटी. २००५ च्या जागतिक कुमार स्पर्धेत असादा पहिली, यू-ना दुसरी. २००६ मध्ये ल्युब्लियाना येथे यू-ना पहिली, असादा दुसरी. कोरियावर १९१० ते १९४५ जपानची सत्ता होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन मुलींच्या चढाओढीस वृत्तपत्रांनी कोणता रंग दिला असेल, हे सांगावयास नको. दोघींनीही तो आपल्या बोलण्यात येऊ दिला नाही, ही त्यांच्या वयाच्या मानाने मोठी गोष्ट होय.

दोघी कुमार वयात असताना खेळाचे परीक्षणही नवे झाले होते. पूर्वी सहापैकी गुण देत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडप्यांच्या स्पर्धेत एका फ्रेंच परीक्षिकेवर दबाव आल्याचे उघड होऊन मोठा गवगवा झाला, आणि २००४ पासून निराळी पद्धत आली. प्रत्येक उडीस व गिरकीस मूळ किंमत ठरलेली. ती कशी केली यावरून परीक्षकांनी अधिक-उणे गुण द्यावयाचे. आणि स्केटिंगचे कौशल्य, रचना, संगीताची समज यांस वेगळे गुण. सराफ सोन्याचे वजन वेगळे धरतो आणि घडणावळ वेगळी आकारतो, तशातलाच हा हिशेब. वजनात असादा भारी होती, कारण स्त्रियांत विरळा अशी तिहेरी ॲक्सेल ती घेई. यू-नाने ती उडी आपल्या कार्यक्रमात घेतली नाही. तिची सारी भिस्त घडणावळीवर होती.

ही घडण टोरोंटो येथे झाली. १९८४ व १९८८ अशा दोन्ही ऑलिंपिकांत रौप्यपदक मिळविलेले कॅनडाचे ब्रायन ऑर्सर हे तिचे शिक्षक झाले, आणि डेव्हिड विल्सन यांनी तिच्यासाठी नृत्यरचना केल्या. त्यापूर्वी पायाला नीट बसणारे बूट मिळेनात म्हणून ती खेळ सोडण्याच्या बेतात आली होती. मोठ्या गटातील पहिल्याच हंगामात, २००७ च्या टोकियो येथील जागतिक स्पर्धेत, पाठ दुखत असताही छोट्या कार्यक्रमात तिने ७१.९५ गुण मिळवून विक्रम केला. दीर्घ कार्यक्रमात ती पडली आणि तिसरी आली. पुढल्या वर्षी कमरेचा सांधा दुखावला, आणि स्थान पुन्हा तिसरे. लॉस एंजेलिस येथे २००९ साली मात्र ती २०७.७१ गुणांनी जगज्जेती झाली. नव्या पद्धतीत दोनशेचा आकडा ओलांडणारी ती पहिली स्त्री होय.

यानंतरचे वर्ष व्हँकुव्हर ऑलिंपिकचे. एकोणीस वर्षांच्या मुलीवर एका देशाने आपली सारी आशा ठेवावी, ही गोष्ट वाचावयास गोड वाटते. तिच्या जागी उभे राहणे गोड नसते. २३ फेब्रुवारी २०१० रोजी छोट्या कार्यक्रमात असादाने आधी येऊन तिहेरी ॲक्सेल निर्दोष साधली आणि ७३.७८ गुण घेतले. लगेच यू-ना बर्फावर आली आणि ७८.५० घेऊन गेली. दोन दिवसांनी गर्श्विनच्या संगीतावर तिने दीर्घ कार्यक्रम केला. त्याचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. तिने केलेल्या सर्व उड्या-गिरक्यांची मूळ किंमत ६०.९०, त्या उत्तम केल्याबद्दल परीक्षकांनी वर घातले ते १७.४०, उरलेले ७१.७६ रचना व सादरीकरण यांचे; मिळून १५०.०६. दोन्ही मिळून तिचे २२८.५६ झाले, तर दुसऱ्या आलेल्या असादाचे २०५.५०. असादाने त्या स्पर्धेत एकंदर तीन तिहेरी ॲक्सेल घेतल्या, आणि तो तिचा पराक्रम कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तेवीस गुणांचे अंतर नुसत्या वजनाने भरून निघणारे नव्हते. तिसरी आली कॅनडाची जोआनी रोशेत; तिची आई स्पर्धेच्या दोनच दिवस आधी तेथेच वारली होती. कोरियास फिगर स्केटिंगमधील हे पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

साध्य हाती आल्यावर काय करावे, हा प्रश्न यशस्वी मनुष्यास फार छळतो. महिन्याभरातच ट्युरिन येथील जागतिक स्पर्धेत ती छोट्या कार्यक्रमात चक्क सातवी आली. दीर्घ कार्यक्रमात सावरून दुसऱ्या स्थानी पोचली, आणि असादा जिंकली. त्याच वर्षी ऑर्सर यांच्याशी संबंध तुटला. २०११ ची जागतिक स्पर्धा टोकियोस व्हावयाची, ती भूकंप व त्सुनामीमुळे मॉस्कोस गेली. तेथे यू-नाने आपल्या देशाच्या लोकसंगीतावर कार्यक्रम केला, जपानच्या मिकी आंदो हिच्याहून ती अवघ्या १.२९ गुणांनी मागे राहिली, आणि मिळालेले बक्षीस तिने जपानमधील आपद्ग्रस्त मुलांसाठी देऊन टाकले. मग पुरता एक हंगाम ती उतरलीच नाही.

२०१२ च्या जुलैत तिने जाहीर केले, की पुढील ऑलिंपिकपर्यंत खेळेन. मोठ्या मानधनाचा परदेशी शिक्षक न शोधता ती लहानपणच्या शिक्षकांकडे, शिन ह्ये-सूक व र्यू जोंग-ह्यॉन यांच्याकडे, परत गेली. मार्च २०१३ मध्ये कॅनडातील लंडन या गावी जागतिक स्पर्धा झाली. पूर्ण दोन वर्षांनी त्या स्पर्धेत आलेली ही मुलगी २१८.३१ गुणांनी, दुसरीस वीस गुण मागे टाकून जिंकली. या विजयात आणखी एक लाभ होता आणि तिच्या दृष्टीने तो लहान नव्हता. जागतिक स्पर्धेतील स्थानावरून देशास ऑलिंपिकमधील जागा मिळतात. एकटी यू-ना खेळून कोरियास तीन जागा मिळाल्या, आणि दोन लहान मुलींस तिच्याबरोबर सोची येथे जाता आले.

सोची येथे फेब्रुवारी २०१४ मध्ये जे घडले, त्याविषयी आजही लोक तावातावाने बोलतात. छोट्या कार्यक्रमानंतर यू-ना ७४.९२, रशियाची ॲडेलिना सोत्निकोवा ७४.६४, इटलीची कॅरोलिना कोस्टनर ७४.१२, इतकी लगट होती. दीर्घ कार्यक्रमात सर्वांत शेवटी यू-ना आली. अर्जेंटिनाचे संगीतकार पियाझोला यांनी वडिलांच्या निधनानंतर रचलेल्या 'आदिओस नोनिनो' या टँगोवर तिने स्केटिंग केले आणि एकदाही चुकली नाही. गुण १४४.१९. सोत्निकोवाचे आधीच १४९.९५ झाले होते. एकूण २२४.५९ विरुद्ध २१९.११, सुवर्ण रशियाकडे गेले.

हा निकाल अन्यायाचा होता काय? भावना बाजूस ठेवून पाहिल्यास दोन गोष्टी दिसतात. सोत्निकोवाने दीर्घ कार्यक्रमात सात तिहेरी उड्या घेतल्या, यू-नाने सहा. मूळ किमतीच अनुक्रमे ६१.४३ आणि ५७.४९ अशा होत्या. म्हणजे जवळजवळ चार गुणांची आघाडी नियमानेच होती. हे जे कोरियन लेखक सांगत नाहीत, ते अर्धेच सांगतात. दुसरी गोष्ट घडणावळीची. उत्तम करण्याबद्दल सोत्निकोवास १४.११ मिळाले, यू-नास १२.२०, रचना व सादरीकरणाचे ७४.४१ आणि ७४.५०. एकीने वर्षानुवर्षे जगभर फिरून मिळविलेली परिपक्वता आणि दुसरीची, सतरा वर्षांच्या मुलीची, नुकती उमललेली तडफ या शेवटच्या सदरात जवळजवळ सारख्या ठरल्या, हे पटणे कठीण आहे. एका परीक्षिकेचे पती रशियन स्केटिंग संघटनेचे मोठे पदाधिकारी होते. दुसऱ्या एका परीक्षकास १९९८ च्या ऑलिंपिकमधील गैरवर्तनाबद्दल पूर्वी शिक्षा झाली होती. याहून गैर हे, की कोणते गुण कोणी दिले हे तेव्हा गुप्त ठेवीत. परीक्षेच्या गुणांवर परीक्षकाची सही नसावी, ही व्यवस्था कोणत्याही शाळेत चालली नसती. दहा लाखांहून अधिक लोकांनी फेरतपासणीच्या मागणीवर आपली नावे नोंदविली. कोरियाच्या संघटनेने केलेली तक्रार आंतरराष्ट्रीय संघटनेने फेटाळली. निकाल कायम राहिला. परंतु २०१६ साली त्याच संघटनेने परीक्षकांची नावे गुप्त ठेवण्याची पद्धत बंद केली.

स्वतः यू-ना हिने निकालावर वाद घातला नाही. आपण चुका न करता कार्यक्रम पार पाडला याचे समाधान आहे, अशा आशयाचे थोडके बोलून ती बाजूला झाली, आणि त्याबरोबर तिची स्पर्धा-कारकीर्दही संपली. तीत बूट बोचले, पाठ धरली, कमर दुखावली, शेवटच्या हंगामाच्या आरंभी उजव्या पायाचे हाड दुखावले. तथापि कुमार वयापासून सोचीपर्यंत ती ज्या ज्या स्पर्धेत उतरली, त्यांतील एकीतही तिसऱ्या स्थानाच्या खाली गेली नाही. ऑलिंपिक सुवर्णाची मोजदाद सर्व जण करतात. या खेळाचे जाणकार मात्र त्याहून अधिक या दुसऱ्या गोष्टीचे नवल करतात, आणि ते बरोबर आहे. कारण चार मिलिमीटरच्या पात्यावर बारा वर्षे उभे राहावयाचे, तर एखादा दिवस तरी वाईट निघावयासच हवा होता. तसे दिवस निघालेही, टोकियोत आणि ट्युरिनमध्ये ते जगाने पाहिले. त्या दिवशीही ती पहिल्या तिघींत होती.

९ फेब्रुवारी २०१८ रोजी कोरियातील प्याँगचांग येथे हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. ते यजमानपद मागावयास २०११ साली डर्बन येथे गेलेल्या शिष्टमंडळात यू-ना होती. उत्तर व दक्षिण कोरियाच्या संयुक्त महिला हॉकी संघातील, दोन बाजूंच्या दोन मुलींनी ज्योत वर नेली. तेथे उंचावर एक लहानसा बर्फाचा चौथरा केलेला होता. त्यावर पांढऱ्या वेषात यू-ना थोडा वेळ फिरली आणि मग तिने ज्योत हाती घेऊन कुंड पेटविले. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत जपानमधील साइतामा येथे महिलांत ली हे-इन आणि पुरुषांत चा जुन-ह्वान दुसरे आले. २०१३ नंतर कोरियन स्त्रीस मिळालेले ते पहिलेच जागतिक पदक. ली हे-इनचा जन्म २००५ चा, म्हणजे व्हँकुव्हरच्या वेळी ती पाच वर्षांचीही नव्हती.